ट्रोलिंग मोटरचं पेडल नेमकं कुठे बसवायचं? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागे या पानावर बास बोटीला (बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीची बोट) किती ताकदीची ट्रोलिंग मोटर लागते ते लिहिलं होतं, तेव्हा वाटलेलं आता बॅटरी नि चार्जरचे प्रश्न येतील. आले ते सगळे पायाचे. पेडल कुठे ठेवू, कुठल्या पायाने दाबू, कंबर का धरते, बायकोचा पाय का पोचत नाही. एका अर्थी बरं झालं, कारण मोटरवर लोक हजारो डॉलर घालतात आणि पेडल मात्र आधीच्या मालकाने जिथे ठोकलेलं असतं तिथेच राहतं.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. बास बोटीच्या मागच्या बाजूला मोठं पेट्रोल इंजिन असतं, ते लांबचं अंतर कापायला. जागेवर पोचलं की ते बंद करायचं, पुढच्या टोकावरची इलेक्ट्रिक मोटर (हीच ट्रोलिंग मोटर) पाण्यात सोडायची आणि काठाकाठाने हळूहळू सरकत रॉडने गळ फेकायचा. दोन्ही हात रॉड आणि रीलमध्ये अडकलेले, म्हणून ही मोटर पायाने चालवतात. पेडलचा पुढचा भाग दाबला की बहुतेक केबलवाल्या (पेडल केबलने जोडलेल्या) मोटरींत बोट उजवीकडे वळते, टाच दाबली की डावीकडे, आणि बाजूच्या बटणावर पाय टेकला की पंखा फिरतो. जुन्या संगीत नाटकातला पायपेटीवाला आठवा, पाय खाली चालू आणि नजर मात्र गायकावर. तेच इथे करायचंय, फक्त गायकाऐवजी पाण्यात पडलेलं लाकूड बघायचं.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी १९ फुटी फायबरग्लासची सेकंडहँड बास बोट घेतली. पुढे २४ व्होल्टची ८० पाउंड जोराची केबल मोटर आहे, पेडल डेकवर स्क्रूने बसवलेलं. शनिवारी रे रॉबर्ट्स लेकवर सहा-सात तास उभं राहिलं की रविवारी कंबर उजवीकडून अशी धरते की बूटाची नाडी बांधता येत नाही. वय ४६, बाकी तब्येत ठीक. डेक कापून पेडल आत बसवणारे ट्रे मिळतात म्हणे. कापू का? – एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

कापा, पण पुढच्या शनिवारी नको.

आधी कंबर का धरते ते बघू. घरी एक प्रयोग करा, पोळपाट जमिनीवर ठेवा, त्यावर उजवा पाय ठेवा नि तसेच उभं राहून अर्धा तास भांडी घासा (घरचे खूष होतील ते वेगळं). वीस मिनिटांत कळेल. एक पाय वर गेला की कमरेचं हाड त्या बाजूला उचललं जातं, पाठीचा कणा बाजूला वाकतो आणि सगळं वजन खालच्या पायावर येतं. पेडल तर पोळपाटापेक्षा वाईट, कारण त्यावर पाय नुसता टेकवून चालत नाही, बोट चुकून वळू नये म्हणून तो सतत अर्धवट तोलून धरायचा, म्हणजे मांडीचे आणि कमरेचे स्नायू सहा तास सुट्टीशिवाय कामाला. आणि खाली बोट हलतेय ती वेगळीच. तुमचं वय नि व्यायाम यांचा इथे फारसा संबंध नाही, पंचविशीतल्या पोरांचीही धरते, ती सांगत नाहीत एवढंच.

म्हणून दोन्ही पाय एका पातळीवर आणणं हा खरा उपाय, आणि त्याला दोन रस्ते आहेत. पेडल खाली न्या किंवा दुसरा पाय वर आणा. दुसरा रस्ता कोणी सुचवत नाही कारण त्यात विकायला काही नाही. पण तुम्ही आधी तोच करा. प्लायवूडचा एक बसका चौरंग बनवा, उंची पेडल सपाट असताना तुमचा बूट जिथे टेकतो तेवढी, वर फोमची मॅट चिकटवा, खाली न घसरणारं रबर, आणि तो पेडलच्या शेजारी डाव्या पायाखाली ठेवा. वीस-तीस डॉलरचं काम. चौरंग रुंद ठेवा हं, अरुंद ठेवला तर मासा लागल्यावर नाचताना पाय त्याच्या कडेवरून जातो. दोन ट्रिपांत कंबर सुधारली तर कळलं की दुखणं उंचीचं होतं, आणि मग डेक कापण्यात अर्थ आहे. नाही सुधारली तर दुखणं दुसरं काहीतरी आहे, बोटीला भोक पाडून ते जाणार नाही, डॉक्टरकडे जा.

सोबत टेकायची सीट लावून बघा, ती सायकलच्या सीटसारखी उंच दांड्यावरची असते. त्यावर बसायचं नसतं, नुसता पार्श्वभाग टेकवायचा. उंची अशी ठेवा की जमिनीवरचा पाय जवळजवळ सरळ राहील. बरेच लोक ती खूप खाली ठेवतात, मग गुडघे वाकून आणखी त्रास.

आता ट्रे. पहिलं काम म्हणजे पेडल स्क्रूमधून सोडवा, खाली रबरी मॅट टाका आणि चार-पाच ट्रिपा ते मोकळं ठेवून मासेमारी करा. दर वेळी पाय जिथे आपोआप जातो तिथे पेडल सरकवा आणि संध्याकाळी त्याभोवती चिकटपट्टी लावून खूण करा. पहिल्या ट्रिपची खूण आणि चौथ्या ट्रिपची खूण यात चांगला वीतभर फरक पडतो, माझ्या बोटीवर पडला होता. गॅरेजमध्ये ट्रेलरवर उभं राहून ठरवलेली जागा हमखास चुकते, कारण ट्रेलरवर बोट हलत नाही आणि आपण खोटं खोटं फेकतो. मात्र एक लक्षात ठेवा, मोकळं पेडल ठेवून मोठं इंजिन जोरात पळवायचं नाही, त्या वेळी ते पट्ट्याने बांधा.

जागा नक्की झाली की खाली काय आहे ते बघा. डेकखाली रॉड ठेवायचं कपाट असतं, वायरी असतात, आडवे-उभे आधार असतात, काही बोटींत फोम भरलेला असतो. आधार कापला तर डेक कायमचं लचकतं. हॅच उघडून आत टॉर्च मारा, हात घाला, मोजा, आणि मग पुन्हा मोजा. माझ्या पहिल्या बोटीत मी उत्साहाने दोन इंची स्क्रू मारला, टोक खाली रॉडच्या कपाटात निघालं, आणि दोन महिने मला कळेना की एकाच रॉडची लाइन (दोरा) दर वेळी का तुटते. रॉड ओढताना लाइन त्या टोकावर घासत होती. दुकानदाराला जाऊन लाइन खराब दिलीस म्हणून बोलून आलो होतो, नंतर जाऊन माफीही मागितली.

खोली किती? लोकांना वाटतं जितकं खोल तितकं चांगलं. तसं नाही. पेडल सपाट असताना त्याचा पृष्ठभाग डेकच्या बरोबरीला आला की थांबायचं. फार खोल गेलं तर टाच ट्रेच्या कडेला अडते आणि डावीकडे पूर्ण वळता येत नाही. रुंदीही मोजताना थंडीतले जाड बूट घालून मोजा, उन्हाळ्यात सपाता घालून मापं घेतली तर जानेवारीत पाय अडकेल. ट्रेला पाणी जायला भोक आणि नळी पाहिजेच, पावसाचं पाणी साचून राहतं आणि बऱ्याच जुन्या केबल मोटरींत बॅटरीची वायर पेडलमधूनच जाते. कापलेली लाकडाची कड उघडी ठेवू नका, इपॉक्सी फासा, नाहीतर दोन वर्षांत कडेने कुजायला लागेल. स्क्रू स्टेनलेसचे, भोकात मरीन सीलंट.

आणि केबल. ती मोटरच्या डोक्यापासून पेडलपर्यंत मोठ्या सैल वळशाने आली पाहिजे. ट्रेमध्ये पेडल बसवताना लोक ती काटकोनात दुमडतात आणि मग म्हणतात पेडल जड झालं. कापायच्या आधी केबल त्या जागेपर्यंत न ताणता पोचते का ते बघा, हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे.

प्रश्न : उजव्या हाताने गळ फेकणाऱ्याने कुठला पाय पेडलवर ठेवावा? माझ्याबरोबर येणारे एक जण म्हणतात उजवाच, दुसरे म्हणतात डावा. मी लेनिअर लेकवर जातो, जास्त करून स्पॉटेड बास (बासचीच एक जात). – एक वाचक, अल्फरेटा, जॉर्जिया

(लेकवर जातो म्हटलं की आमच्या आईला अजून वाटतं मुलीच्या घरी चाललाय. असो.)

दोघेही बरोबर आणि दोघेही हट्टी. बहुतेक लोक उजवा ठेवतात, कारण गाडी चालवून उजव्या पायाला बारीक दाब द्यायची सवय असते. पण खरा प्रश्न पेडलवर कुठला पाय हा नाही, डेकवर कुठला पाय उरतो हा आहे. तोल तो सांभाळतो. ज्या पायावर तुम्ही डोळे मिटून जास्त वेळ उभे राहू शकता तो खाली, दुसरा पेडलवर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, कधी घोटा मुरगळलेल्यांनी तर हे आधी घरी करून बघावं.

फेकीचाही विचार करा. उजव्या हाताने मागून पुढे फेकताना शरीर डाव्या पायावर येतं, त्यामुळे उजवा पाय पेडलवर असेल तर तो हलका होतो आणि बटण सुटतं, मोटर थांबते. बटण सुटलं तर बिघडत नाही, उलट बरंच. उलटं असेल, म्हणजे डावा पेडलवर, तर प्रत्येक फेकीला पेडलवर वजन पडतं आणि बोट स्वतःच्या मनाने वळते. अर्थात डाव्या पायाने सुंदर चालवणारे लोक मी बघितलेत, सवयीचा भाग आहे, पण शून्यापासून शिकत असाल तर उजव्यापासून सुरू करा.

बऱ्याच पेडलांवर पंख्याचं बटण डावीकडून उजवीकडे हलवता येतं, मॅन्युअलमध्ये बघा. बटण अंगठ्याच्या बाजूला पाहिजे की करंगळीच्या, हा आवडीचा मामला, मला अंगठ्याच्या बाजूला जमतं. आणि टाच हवेत ठेवू नका. टाच पेडलच्या मागच्या भागावर नीट टेकवून घोट्यातून हलवायचं, गुडघ्यातून नाही. पायाने शिलाई मशीन चालवलेली कोणी मावशी, आजी घरात असेल तर तिला विचारा, ती दोन मिनिटांत दाखवेल.

पेडल कुठल्याही पायाचं असो, बोटीच्या मध्यरेषेच्या जवळ असू द्या. कडेला नेलं तर बोट त्या बाजूला कलते आणि एक लाट आली की तुम्ही पाण्यात. मी गेलोय, फेब्रुवारीत, पाणी पन्नास फॅरेनहाइटच्या आसपास असेल. बोट पुढे जात राहिली कारण मी मोटर चालूच ठेवायच्या बटणावर ठेवली होती, आणि मी मागून पोहत. सोबतीला मित्र होता म्हणून हे लिहायला उरलोय. तेव्हापासून पुढच्या डेकवर असताना लाइफ जॅकेट अंगावर आणि ते सतत चालू ठेवायचं बटण फक्त वाऱ्याविरुद्ध लांब जाताना.

प्रश्न : केबलवाली मोटर काढून बिनवायरीच्या पेडलची घ्यावी म्हणतोय. दुकानात सांगितलं की पेडल मग कुठेही ठेवता येतं, जागेची कटकटच नाही. खरं का? – एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

अर्धं खरं. बिनवायरीचं पेडल मागच्या डेकवरही नेता येतं, सीटवर बसून चालवता येतं, वादळी दिवशी बोटीच्या मध्ये खाली उभं राहून चालवता येतं, ही मोठी सोय आहे. केबल पायात येत नाही. गार्मिन कंपनीची फोर्स मोटर २०१९ मध्ये आली तेव्हापासून या पेडलांचा प्रतिसादही चांगलाच सुधारलाय, आधीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये पाय दाबल्यावर मोटर विचार करून वळायची, तसं आता राहिलं नाही. मिन कोटा कंपनीने २०१६ च्या सुमाराला अल्ट्रेक्स मोटर काढली त्यात केबल ठेवूनच बोट एका जागी धरून ठेवायची जीपीएसची सोय दिली, म्हणजे दोन्हीचा मेळ.

पण केबलची एक गोष्ट जाते किंवा कमी होते. केबलमध्ये पेडल ज्या कोनात आहे त्याच दिशेला मोटर आहे, हे तळपायाला न बघता कळतं. अंधारात घरातला जिना उतरताना पायरी दिसत नाही पण पायाला माहीत असते, तसं. काही बिनवायरीची पेडलं हे छान जमवतात, काही नाही, त्यामुळे दुकानाच्या कार्पेटवर दाबून ठरवू नका, कोणाच्या तरी बोटीवर वाऱ्याच्या दिवशी अर्धा तास चालवा.

आणि कुठेही ठेवता येतं म्हणजे कुठेही ठेवावं असं नाही. उलट मोकळं असल्यामुळे ते सरकतं. दिवसभर पाय त्याच्या मागे, ते पुढे. त्याला खाली धरून ठेवणारी प्लेट लागतेच, झटकन निघणाऱ्या प्लेटा मिळतात. आणि पेट्रोल इंजिन चालू करायच्या आधी ते काढून कपाटात. साठ मैलांच्या वेगाने लाट लागली की सैल वस्तू बोटीत राहत नाहीत. जवळ सुटे सेल ठेवा, ते नेमके मासे चांगले लागत असतानाच संपतात.

जुन्या मोटरच्या मापाचा ट्रे तुमच्या डेकमध्ये आधीपासून असेल तर नवीन पेडल त्यात बसतं का ते आधी बघा. मापं वेगळी असतात. मधे बसवायच्या अडॅप्टर प्लेटा येतात पण त्या लावल्यावर उंची पुन्हा वाढते, म्हणजे ज्याच्यासाठी ट्रे केला तेच गेलं.

प्रश्न : आमच्याकडे बोट एक आणि माणसं दोन. हे सहा फूट, मी पाच फूट एक इंच. पेडल यांच्या मापाने बसवलंय. मी पुढे उभी राहिले की माझी टाच पेडलच्या मागच्या भागापर्यंत पोचतच नाही, बोट डावीकडे वळवायला अख्खा पाय मागे न्यावा लागतो, तोवर बोट झुडपात. यांचं म्हणणं सवय होईल. दोन सीझन झाले, झाली नाही. – एक वाचक, नॉक्सव्हिल, टेनेसी

ताई, सवय होणार नाही आणि होऊही देऊ नका. दोष तुमचा नाही, पेडलच्या लांबीचा आणि तुमच्या बुटाच्या मापाचा मेळ बसत नाही एवढंच. लांब पेडलवर छोटा पाय मधोमध ठेवला तर पुढची नि मागची दोन्ही टोकं हातची जातात, म्हणजे पायची जातात. गाडीची सीट ड्रायव्हर बदलला की पुढे-मागे करतो, त्याला कोणी सवय होईल म्हणत नाही.

पहिलं, पेडल झटकन निघणाऱ्या प्लेटवर घ्या आणि डेकवर अशा दोन जागा करून ठेवा, एक त्यांची, एक तुमची. तुमची जागा बहुतेक थोडी मागे आणि सीटच्या दांड्याच्या जवळ येईल, कारण तुमचं पाऊल लहान. केबल पुरते का ते बघूनच. दुसरं, पेडलच्या टाचेच्या भागावर जाड रबरी पॅड चिकटवा, अर्धा-पाऊण इंचाचा, म्हणजे टाच खाली न नेता दाब पोचतो. पॅड पेडलखाली किंवा बटणाखाली अडकत नाही ना ते हाताने पूर्ण हलवून तपासा. तिसरं, पाऊल पेडलच्या मधोमध न ठेवता अर्धं इंच मागे ठेवून बघा, पुढचा भाग पायाच्या बोटांनी सहज दाबता येतो, टाचेला मात्र जागा मिळते. आणि पातळ तळव्याचे बूट. उन्हाळ्यात बरेच जण अनवाणी चालवतात, बटण छान लागतं, पण दुपारी डेक तव्यासारखं तापतं आणि ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) पडलेला असला तर तो पायालाच सापडतो.

उंचीचं आणखी एक. मासे शोधायचा पुढचा स्क्रीन त्यांच्या डोळ्यांच्या कोनात लावलेला असेल, तो तुम्हाला चमकून काही दिसत नसणार. वाकवता येणारा स्टँड घ्या. स्क्रीन वाचायला तुम्ही पुढे वाकता, वाकलं की वजन पेडलवर पडतं, आणि मग ‘तुला मोटर जमत नाही’ हे ऐकावं लागतं. मोटरचा रिमोट असेल तर तो तुमच्या गळ्यात घाला, ज्या दिवशी तुम्ही पुढे त्या दिवशी त्यांनी मागे बसून जाळं धरायचं.

प्रश्न : मोटरच्या दांड्यावर लाइव्हस्कोप (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे स्क्रीनवर दाखवणारं सोनार यंत्र) लावलाय. पाय जरा हलला की चित्र पळतं, मासा दिसतो नि गायब. पेडलची जागा बदलून फरक पडेल का? – एक वाचक, हंट्सव्हिल, अलाबामा

पडेल, पण थोडा. समोर बघणारं हे लाइव्हस्कोप सोनार २०१८ मध्ये आलं आणि पेडलचं काम दुप्पट झालं, आधी त्याने फक्त बोट वळायची, आता नजरही वळते. अरुंद पट्ट्यातच दिसतं, त्यामुळे पेडल जरासं हललं तर तीस फुटांवर मासा पट्ट्याबाहेर. टाच टेकलेली पाहिजे, पेडल इतकं जवळ पाहिजे की गुडघा किंचित वाकलेला राहील, ताणलेल्या पायाने बारीक हालचाल होत नाही. पेडलचा घट्टपणा कमी-जास्त करता येत असेल तर थोडा घट्ट करा. स्क्रीन पेडलच्या नेमका समोर ठेवा, बाजूला नको, मान वळली की पाय वळतो, करून बघा.

तरीही गंटर्सव्हिल लेकवर वाऱ्यात बोट धरायची आणि त्याच पायाने मासा शोधायचा हे दोन दगडांवर पाय ठेवण्यासारखंच आहे. सोनारसाठी वेगळा फिरता दांडा मिळतो, काहींना त्याचंही वेगळं पेडल असतं. मग डेकवर दोन पेडलं. मला ते ऑर्गन वाजवल्यासारखं वाटतं, मी हाताने फिरवायचा साधा दांडा वापरतो. तरुण पोरं दोन पेडलं मस्त चालवतात, ती व्हिडिओ गेमवर वाढलेली.

प्रश्न : आसनपिंक लेकवर फक्त इलेक्ट्रिक मोटर चालते. आमची १४ फुटी अॅल्युमिनियमची सपाट बोट आहे, मी, बायको नि आठ वर्षांचा मुलगा. पायाची मोटर पुढे बसवायचा विचार आहे. बसूनच चालवणार. पेडल सीटपासून किती लांब ठेवू? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

बसून चालवणार असाल तर गाडीच्या अॅक्सिलरेटरसारखं, मांडी सीटवर पूर्ण टेकलेली, गुडघा थोडा वाकलेला, टाच पेडलवर. इंचात सांगत नाही कारण ते तुमच्या पायावर आहे, सीटवर बसा, डोळे मिटा, पाय पुढे सोडा, जिथे पडला तिथे.

पण मी तर म्हणेन पायाची मोटर घेऊच नका. १४ फुटी हलक्या बोटीत पुढे मोटर, पेडल आणि तुम्ही, मागे बायको नि बॅटरी, मध्ये मुलगा उड्या मारणार. मागच्या फळीला हाताने वळवायची ५५ पाउंडची १२ व्होल्टवाली मोटर लावा, ती निम्म्याहून कमी पैशात येते, भोक पाडावं लागत नाही आणि मुलालाही चालवायला मिळते. मुलगा मोठा झाला, तुम्हाला बासचं खूळ लागलं, की मग पुढची घ्या. इलेक्ट्रिक मोटर लावली तरी न्यू जर्सीत बोटीची नोंदणी करावी लागते, बऱ्याच जणांना वाटतं फक्त पेट्रोलला लागते. आणि मुलाला बोट चालू असताना लाइफ जॅकेट अंगावर, उशीखाली नव्हे.

प्रश्न : मुलाकडे टेक्सासला तीन महिने आलोय, मूळ गाव मालवणजवळ. त्याच्या बोटीवर गेलो. आमच्याकडे सुकाणू मागे, इंजिन मागे, नाळेवर (पुढच्या टोकावर) माणूस जाळं टाकायला. इथे मोटर नाळेवर आणि माणूस एका पायावर बगळ्यासारखा. हे असं उलटं का? – एक वाचक

काका, बगळा हा शब्द मला फार आवडला, पुढे वापरणार.

सुरुवातीला इथेही मागेच होती. नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये १९३४ साली मिन कोटाच्या पहिल्या इलेक्ट्रिक मोटरी झाल्या, नावच मिनेसोटा आणि डकोटा जोडून केलेलं. त्या मागच्या फळीला लावून एका हाताने वळवायच्या. पायाने चालवायची मोटर १९५१ च्या सुमाराला मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये एकाने बनवली. मग १९६७ पासून बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि दिवसभर काठाने फेकत राहायचं तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून मोटर पुढे आणि पाय कामाला.

पुढे का, तर मागून ढकललेली हलकी बोट वाऱ्यात नाक कुठेही फिरवते, पुढून ओढलेली बोट नाकामागे मुकाट येते. हातगाडी ढकलून बघा आणि ओढून बघा. तुमच्या होडीला खाली खोल कणा आहे, समुद्रात ती धरून राहते. ही बोट तळाला जवळजवळ सपाट, वाऱ्यावर ताटलीसारखी फिरते. शिवाय मासा जिकडे आहे तिकडे माणूस आधी पोचतो, मोटर नि आवाज मागे राहत नाहीत हे खरं, पण पंखा हळू असला की बास फारसा घाबरत नाही.

जायच्या आधी एकदा मुलाला मागे बसवून तुम्ही पुढे उभे राहा. पहिली दहा मिनिटं बोट गोल गोल फिरेल, सगळ्यांचीच फिरते, त्याला हसू द्या. तुम्हाला वारा कळतो, त्यामुळे पुढची दहा मिनिटं त्याच्यापेक्षा बरी जातील. मात्र पेडल आधी तुमच्या पायाच्या मापाने सरकवून घ्या, आणि वहाणा काढून ठेवू नका, तो हुक कुठे टाकतो त्याचा नेम नाही.